निहारी गरम करायची आहे? थपडा मारून, ओरडून की लोकल थांबवून?

इफ्तारनंतर उरलेली निहारी फ्रिजमध्ये ठेवायची आणि सहरीला गरम करायची, हे मीरा रोड-भाईंदरच्या हजारो घरांत रमजानभर चालतं. पातेलं गॅसवर ठेवलं, चार-पाच मिनिटांत वाफ आली, काम झालं. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण पहाटे चार वाजता गॅस संपला आणि लाइटही गेली, तर? तेव्हा घरातल्या प्रत्येकाला काही ना काही सुचतं. मोठा मुलगा म्हणतो मोबाईलवर ठेवू, धाकटा म्हणतो गच्चीवरून खाली टाकू, आणि दादीजान म्हणतात, या पोरांना दोन थपडा लावा, आपोआप सगळं गरम होईल.

दादीजानचं म्हणणं विज्ञानाच्या दृष्टीने अगदीच चुकीचं नाही. थप्पड मारली की उष्णता निर्माण होते. किती होते, एवढाच प्रश्न आहे. आम्ही शाळेत नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ आणि दहावीला ‘उष्णता’ शिकवतो, तेव्हा सूत्र फळ्यावर आलं की अर्ध्या वर्गाचे चेहरे उतरतात. आणि विषय निहारीचा निघाला की तीच मुलं वही पुढे ओढून गुणाकार करू लागतात. म्हणून आज हा हिशोब घरच्या मंडळींसमोर मांडतो. काही उपाय हसण्यासारखे आहेत. दोन-तीन मात्र असे आहेत की ते करायला जाऊन माणूस जिवाला मुकतो. कोणते कुठल्या रांगेत बसतात ते कळावं, हाच या लेखाचा उद्देश.

आधी माप ठरवू: ‘एक निहारी’

दुकानात किलो-लिटर लागतात, तसं उष्णतेला ज्यूल लागतं. एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. आपली निहारी अर्धा किलो आहे असं धरू. ती फ्रिजमधून निघाली तेव्हा ५ अंशांवर होती आणि आपल्याला ती ७५ अंशांपर्यंत न्यायची आहे. म्हणजे ७० अंशांची वाढ. निहारीत पाणीच जास्त, म्हणून पाण्याचाच आकडा वापरू. ४.२ गुणिले ७० गुणिले अर्धा, उत्तर १४७. सोयीसाठी १५० किलोज्यूल म्हणू आणि या मापाला नाव देऊ ‘एक निहारी’.

माप बरोबर आहे का, ते आधी ओळखीच्या उपकरणावर तपासून घेऊ. ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह दर सेकंदाला ८०० ज्यूल देतो. १५० किलोज्यूल द्यायला त्याला तीन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल. घरी लागतोही तेवढाच. विजेच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, म्हणजे २४ निहारी. गॅसच्या शेगडीवर बरीच उष्णता पातेल्याच्या बाजूने निसटून जाते. साठ टक्केच कामी येते असं धरलं तरी एक निहारी पाच-साडेपाच ग्रॅम एलपीजीत गरम होते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये अडीच हजारांहून जास्त निहारी मावतात. म्हणजे गॅस ही काय ताकदीची चीज आहे ते बघा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळ्यांची तुलना याच्याशीच आहे.

थपडा मारून

कोंबडीला थप्पड मारून शिजवता येईल का, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर फार गाजला. २०२१ मध्ये एका यूट्यूबरने तर त्यासाठी थपडा मारणारं यंत्रच बांधलं आणि एक लाखाहून जास्त थपडा मारून कोंबडी खाण्याजोगी केली. आपण यंत्राविना हिशोब करू.

जोरात फिरवलेला हात साधारण एक किलो वजनाचा आणि सेकंदाला सात मीटर वेगाचा धरला, तर एका थपडेत सुमारे २५ ज्यूल असतात. सगळी ऊर्जा निहारीतच गेली, हाताला काहीच लागलं नाही, असं मोठ्या मनाने मानू. दीड लाख ज्यूलला २५ ने भागलं की ६,००० थपडा. सेकंदाला एक या वेगाने १०० मिनिटं. म्हणजे रात्री अडीचला सुरुवात केली तर सहरीपर्यंत होईल, असं वाटतं.

पण होणार नाही. कारण निहारी गरम होत असतानाच थंडही होत असते. सेकंदाला एक थप्पड म्हणजे २५ वॅट. झाकण नसलेलं पातेलं ६० अंशांच्या आसपास पोचलं की हवेला आणि वाफेला दर सेकंदाला त्याहून जास्त उष्णता देऊन बसतं. बादलीला खाली भोक आहे आणि वरून नळाची बारीक धार आहे, अशी ही गत. ठराविक पातळीच्या वर पाणी चढतच नाही. तुम्ही सकाळपर्यंत थपडा मारा, निहारी कोमटच राहील आणि स्वयंपाकघराच्या भिंती मात्र रंगतील.

या एका उदाहरणात दोन धडे आहेत. एकूण ऊर्जा किती, हा एक प्रश्न. ती किती वेगाने दिली, हा दुसरा. दुसऱ्याला शक्ती म्हणतात आणि ती वॅटमध्ये मोजतात. उर्दू माध्यमातली मुलं पहिलीला ‘तवानाई’ म्हणून ओळखतात. स्वयंपाकात दोन्ही लागतात.

घोटून

आता कुणी म्हणेल, थप्पड राहू द्या, हलीम घोटणाऱ्याला विचारा. तासभर घोटणी चालवली की माणूस घामाने निथळतो, मग देगेतली हलीमही त्या घोटण्याने गरम होत असेल ना?

होते. हाताने सतत काम करणारा तगडा माणूस साधारण ५० वॅट देऊ शकतो. तासाभरात १८० किलोज्यूल, म्हणजे एक निहारी आणि वर थोडं. पण देगेत ४० किलो हलीम आहे. एवढ्या उष्णतेने तिचं तापमान वाढेल एक अंशाच्या थोडंसं वर. घोटण्याने गोश्त रेशारेशा होतं, गहू-डाळ एकजीव होते, तळ धरत नाही. हलीमची चव त्यात आहे, ताप मात्र खालच्या आगीचाच.

तरी घोटण्याला हसू नका, कारण ‘उष्णता म्हणजे काय’ हे जगाला घोटण्यानेच कळलं. पूर्वी लोकांना वाटायचं की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे आणि तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहत जातो. काउंट रमफर्ड म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडण्याच्या कामावर देखरेख करत असे. घोड्याच्या बळावर फिरणारं बोथट पातं तोफेच्या धातूवर घासत ठेवलं आणि भोवती पाणी भरलं, तर सुमारे अडीच तासांत ते पाणी उकळलं. खाली आग नव्हती. घासत राहा, उष्णता निघतच राहते. मग ती साठवलेला द्रव कशी असेल? १७९८ मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

त्यानंतर १८४० च्या दशकात इंग्लंडच्या जेम्स जूलने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यासारखी पाती फिरवली. पात्यांना दोरीने वजनं बांधली, वजनं खाली उतरली की पाती फिरायची. ही इंग्लिश घोटणीच म्हणा ना! वजन किती उतरलं आणि पाणी किती तापलं, हे त्याने इतक्या बारकाईने मोजलं की आज ऊर्जेच्या मापाला त्याचंच नाव आहे.

घरात याचा दाखला हवा असेल तर मिक्सर बघा. हिरवी चटणी जास्त वेळ फिरवली की भांडं कोमट लागतं आणि चटणीचा रंग काळवंडतो. कबाबचा खिमा वाटताना बर्फाचा तुकडा टाकतात, तो याचसाठी. मिक्सरची ५०० वॅट शक्ती निहारीत उतरली तर पाच मिनिटांत ती गरम होईल. मात्र मिक्सर सलग एवढा चालवला तर निहारीआधी मोटर गरम होईल, आणि तिचा वास निहारीसारखा नसतो.

गच्चीवरून टाकून

मीरा रोडला आता उंच इमारतींची कमी नाही. ५० मीटर उंच गच्चीवरून घट्ट झाकणाचा डबा खाली टाकला (फक्त हिशोबात टाका, खाली माणसं चालतात), तर आपटून किती गरम होईल? अर्धा किलोचा डबा ५० मीटर पडला की २४५ ज्यूल मिळतात. तापमानवाढ ०.१२ अंश. जोगचा धबधबा २५३ मीटर उंच आहे, तिथलं पाणी खाली पोचेपर्यंत या कारणाने जेमतेम ०.६ अंश तापू शकतं. एव्हरेस्टची उंची घेतली तरी २० अंश.

पुरे ७० अंश हवे असतील तर डबा ३० किलोमीटर वरून टाकावा लागेल, आणि वाटेत हवा नको. विमानं साधारण १०-११ किलोमीटरवर उडतात. हवा असली की ती डब्याला रोखते आणि वेग एका मर्यादेपुढे वाढतच नाही. अवकाशातून येणाऱ्या उल्का तापतात, कारण त्यांचा वेग सेकंदाला अनेक किलोमीटर असतो. तशी निहारी आली तर वरून कोळसा आणि आत बर्फ. फ्रोझन समोसा भडक तेलात टाकला की होतं तेच.

लोकल थांबवून

आता आपल्या रोजच्या गाडीकडे येऊ. माणसांनी भरलेली १२ डब्यांची लोकल ७०० टन धरा आणि मीरा रोड स्टेशनात शिरण्याआधी तिचा वेग ताशी ७२ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगातली तिची ऊर्जा १४ कोटी ज्यूल भरते. जवळपास ९३० निहारी! आणि गाडी हे दर स्टेशनाला करते. चर्चगेटहून निघालेली स्लो गाडी भाईंदरला पोचेपर्यंत एका मोठ्या दावतीचा ताप वाटेत सोडून येते.

जुन्या गाड्यांमध्ये ही सगळी ऊर्जा ब्रेक आणि चाकं तापवण्यात जायची. आता पश्चिम रेल्वेवर धावणाऱ्या सीमेन्स आणि बंबार्डियर बनावटीच्या गाड्यांमध्ये ब्रेक लावताना मोटरच जनित्र बनते आणि यातला काही भाग वीज म्हणून वरच्या तारेत परत जातो. शेजारून सुटणारी दुसरी गाडी ती वापरते. आपली गाडी थांबते, त्यावर बाजूची चालते. हा शेजारधर्म भौतिकशास्त्राला मान्य आहे.

आणि आपण स्वतः? ७० किलोचा माणूस त्या वेगात १४ किलोज्यूल बाळगून असतो. म्हणजे दारात लटकलेले अकरा जण मिळून एक निहारी. गाडी ब्रेक लावते तेव्हा ही ऊर्जा हळूहळू निघून जाते. खांबाला धडकून ती एका क्षणात निघाली तर काय होतं, ते सांगायला नको. अर्धा किलो निहारी ७० अंश तापवण्याच्या अकराव्या हिश्शाइतकी ही ऊर्जा, ऐकायला किरकोळ वाटते, पण हाडं मोडायला ती पुरून उरते. दारात लटकणाऱ्या मुलांना एवढा एक हिशोब जरूर दाखवा.

ओरडून

‘घसा सुकला ओरडून ओरडून,’ असं प्रत्येक अम्मी रोज म्हणते. मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाच्या आवाजाची शक्ती साधारण एक हजारांश वॅट असते. तो सगळा आवाज निहारीने शोषला तरी दीड लाख ज्यूल व्हायला १५ कोटी सेकंद, म्हणजे पावणेपाच वर्षं लागतील. तीही श्वास न घेता. आपले कान फार नाजूक आहेत, म्हणून एवढ्याशा शक्तीने घर हादरतं. अभ्यासाला बसलेलं मूल मात्र तेवढ्यानेही हलत नाही. त्यावर भौतिकशास्त्रात उत्तर नाही.

मोबाईलवर

‘दोन मोबाईलच्या मध्ये ठेवलेलं अंडं उकडतं, मग तुमच्या मेंदूचं काय होत असेल,’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर येऊन गेलेला असेलच. २००८ मध्ये मोबाईलच्या मध्ये मक्याचे दाणे फुटतानाचा व्हिडिओ जगभर फिरला. तो एका ब्लूटूथ हेडसेट कंपनीच्या जाहिरातीसाठी रचलेला बनाव होता.

हिशोब करू. बोलत असताना मोबाईल सरासरी पाव वॅटच्या आसपास लहरी सोडतो. दोन मोबाईल, अर्धा वॅट. अंडं उकडायला सुमारे आठ हजार ज्यूल हवेत. एक ज्यूलही वाया गेला नाही तरी साडेचार तास लागतील. प्रत्यक्षात अंडं तेवढी उष्णता बाजूच्या हवेला देऊन मोकळं होईल आणि एखाद-दुसऱ्या अंशावर थांबेल. मायक्रोवेव्हच्या आणि घरातल्या वायफायच्या लहरींची जात जवळपास एकच. फरक शक्तीचा. तिकडे ८०० वॅट एका लोखंडी पेटीत कोंडलेले, इकडे एक दशांश वॅट सगळ्या घरात विखुरलेला. पावसाचे दोन थेंब आणि महापूर, दोन्हीकडे पाणीच असतं.

अजून एक गंमत. मोबाईलच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत ७० किलोज्यूलच्या जवळपास ऊर्जा असते. म्हणजे अर्धी निहारीही नाही. दिवसभर ज्या बॅटरीवर व्हिडिओ, कॉल, गेम सगळं चालतं, तिच्यावर एक वाटी सालन गरम होत नाही. तापवणं हे किती महागडं काम आहे ते यावरून कळावं.

माणसांच्या गर्दीत

आता सगळ्यात मजेदार कोडं. स्वस्थ बसलेला माणूस शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. तरावीहला एका हॉलमध्ये ५०० जण असतील तर ५० हजार वॅट झाले. ५० इस्त्र्या एकदम चालू आहेत असं समजा. दर तीन सेकंदाला एक निहारी गरम व्हावी एवढी उष्णता तिथे निघते. पंखे पुरत नाहीत ते उगीच नाही.

मग त्या हॉलमध्ये निहारीचं पातेलं ठेवलं तर? तासाभराने बघा, दोन तासांनी बघा, ती फार तर शरीराच्या तापमानापर्यंत, म्हणजे ३७ अंशांच्या आतच राहील. उष्णता भरपूर आहे, पण ती ३७ अंशांच्या माणसांकडून येते आहे. आणि उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही, हा निसर्गाचा पक्का कायदा आहे. ५०० काय, ५ लाख माणसं जमा केली तरी चहा उकळणार नाही. एक काडी पेटवली तर तिच्यात उष्णता थोडीशीच असते, पण तापमान शेकडो अंश असतं, म्हणून तिने कागद पेटतो.

‘उष्णता’ आणि ‘तापमान’ यांतला फरक विचारा, हा परीक्षेतला हमखास प्रश्न. मुलांना पुस्तकातली व्याख्या पाठ असते आणि तरी गोंधळ होतो. त्यांना हे सांगा: तरावीहच्या हॉलमध्ये उष्णता जास्त, काडीच्या टोकाला तापमान जास्त.

उन्हावर

इथपर्यंतचे सगळे उपाय फसले. पण एक असा आहे की जो वेडगळ वाटतो आणि चालतो.

भरदुपारी स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट पडतात. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील बघा. एक किलो पाण्याची वाफ करायला २,४०० किलोज्यूलच्या आसपास लागतात, म्हणजे १६ निहारी. बोंबलात बहुतेक भाग पाण्याचाच. ते सगळं पाणी ऊन आणि वारा मिळून उडवतात, एक पैसा बिल न लावता. भाईंदरची मिठागरं पिढ्यान्‌पिढ्या याच हिशोबावर चालली.

अन्न शिजवायचं तर ऊन कोंडावं लागतं. आतून काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. ऊन आत येतं, काळा रंग ते पितो, काच उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. हाच सोलर कुकर. अर्धा मीटर लांब-रुंद पेटीतही आपली निहारी तासाभरात गरम होईल. डाळ-भात दोन-तीन तासांत शिजतो.

मोठ्या प्रमाणात बघायचं असेल तर शिर्डीला बघा. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ मोठे अंतर्वक्र आरसे बसवले गेले. ते सूर्याकडे तोंड करून हळूहळू फिरतात, ऊन एका जागी गोळा करून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजवायला मदत होते.

या आरशांमागचं गणित आपल्या मुलांना परकं वाटू नये. बगदादमध्ये इब्न सहलने इ.स. ९८४ च्या सुमारास जाळणाऱ्या आरशांवर आणि भिंगांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्यानंतर बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने अंतर्वक्र आरशात किरण एका बिंदूवर कसे जमतात यावर स्वतंत्र लेखन केलं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ‘उन्हाने जाळता येईल का?’ असा वेडगळ वाटणारा प्रश्न विचारला होता, तो आज देगेखाली कामाला आला.

आता न हसण्याचे उपाय

होस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं दोन गोष्टी सर्रास करतात. एक, इस्त्रीवर रोटी गरम करणं. दुसरी, पाणी तापवायच्या रॉडने अंडी, दूध किंवा सालन उकळणं. गंमत अशी की इथे गणित बरोबर सुटतं. १,५०० वॅटचा रॉड एक निहारी १०० सेकंदांत गरम करेल. गणित सुटतं म्हणूनच धोका जास्त.

रॉड फक्त पाण्यासाठी असतो आणि खुणेपर्यंत बुडलेला लागतो. दाट सालन रॉडला चिकटतं, तिथे जळतं, आवरण तडकतं आणि वीज थेट पातेल्यात उतरते. स्टीलच्या पातेल्याला ओल्या हाताने शिवलं की संपलं. इस्त्री उलटी करून टेकवली की ती घसरते, गादीवर पडते. आपली मुलं बाहेरगावी शिकायला जातील तेव्हा त्यांच्या बॅगेत एक छोटी, आयएसआय मार्कची विजेची किटली द्या आणि घरातल्या बोर्डाला गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. रॉडने सालन गरम करण्यापेक्षा खजूर-पाण्यावर सहरी केलेली केव्हाही बरी.

तिसरी गोष्ट कोळशाची. गॅस संपला, पाऊस आहे, म्हणून खिडक्या लावून घरात सिगडी पेटवू नका. कोंडलेल्या जागेत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला फक्त झोप येते, आणि कधीकधी तो उठतच नाही.

चौथी गोष्ट कोमट अन्नाची, आणि रमजानमध्ये हीच सगळ्यात जास्त घडते. ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. इफ्तार साडेसहा-सातला, सहरी पहाटे चार-साडेचारला. मध्ये नऊ-दहा तास. एवढा वेळ हलीम किंवा बिर्याणी ओट्यावर झाकून ठेवली तर ती जंतूंची दावत होते. भाताची तर वेगळीच तऱ्हा आहे. त्यात बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि भात बाहेर राहिला की विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून ‘उकळून घेतलं ना, मग काय होतंय,’ हे वाक्य भाताला लागू नाही.

मग करायचं काय?

मोठं पातेलं जसंच्या तसं फ्रिजमध्ये ढकलू नका. त्याचा मध्य तासन्‌तास कोमट राहतो. पसरट, उथळ डब्यांत वाटून घ्या आणि दोन तासांच्या आत आत ठेवा. सहरीला लागेल तेवढंच बाहेर काढा. झाकण ठेवून गरम करा, मध्ये ढवळा, आणि सगळीकडून वाफ निघेपर्यंत थांबा. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मध्य थंड राहतो, म्हणून ढवळणं तिथे जास्तच गरजेचं. एकदा गरम केलेलं परत फ्रिजमध्ये, परत गरम, असं करू नका.

गॅस वाचवायचा असेल तर आपल्या बावर्ची लोकांकडून शिका. दमचं तत्त्व काय आहे? देग एकदा तापली की कणकेने झाकण बंद, खाली मंद आच, वर थोडे निखारे. वाफ बाहेर जात नाही, म्हणून आपण वर बघितलेली बादलीची गळती बंद होते. पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवा, उघड्या पातेल्यात ते १०० अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त उडते. म्हणून उकळी आली की गॅस बारीक करा, झाकण ठेवा, डाळ-चणे आधी भिजवा. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून निहारीचं गोश्त पातेल्यापेक्षा कितीतरी लवकर गळतं. पुण्याच्या आरती संस्थेने तर ‘सराय’ नावाचा असा कुकर बनवला की ज्यात १०० ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचं जेवण वाफेवर होतं. तीही करामत गळती बंद करण्याचीच.

मुलांनी वेडगळ प्रश्न विचारला तर त्याला ‘फालतू बडबड बंद कर’ म्हणू नका. कागद-पेन द्या आणि म्हणा, बेटा, हिशोब करून दाखव. थपडांनी निहारी गरम होत नाही हे ज्या मुलीने स्वतः आकडे मांडून शोधलं, तिला दहावीचा ‘उष्णता’ हा धडा अवघड जाणार नाही. आणि रॉडने सालन गरम करणाऱ्या मैत्रिणीला ‘थांब’ म्हणायला तिला कुणाला विचारावं लागणार नाही.